कुत्र्याला घेऊन रानात जाताना



आज मी तुमच्याशी एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. कुत्र्याला बरोबर घेऊन डोंगरावर, रानात फिरायला जावे की नाही, आणि गेलोच तर कसे जावे, एवढाच आजचा विषय. कुणी म्हणेल, "आता रेडिओवर कुत्र्यांवरही व्याख्याने सुरू झाली की काय!" पण थोडा धीर धरा. विषय कुत्र्याचा असला तरी बोलणे माणसांबद्दलच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या अमेरिकेत असतो. मूळचा आपल्याच तालुक्यातला. सणावाराला आठवणीने फोन करतो. मागे एकदा फोनवर तो सांगत होता, "सर, आम्ही दोघं रविवारी कुत्र्याला घेऊन एका बौद्ध साधनाकेंद्रात गेलो होतो. केंद्राच्या मालकीचं मोठं जंगल आहे, त्यातून पायवाटा काढल्या आहेत. कुत्र्यांना यायला मुभा आहे. पण फाटकावर पाटी आहे की, कुत्र्याची दोरी सोडू नये." एवढे सांगून तो हसला आणि म्हणाला, "सर, मला हे कोडं सुटेना. प्राणिमात्रावर करुणा करा म्हणून सांगणारी ही जागा, आणि तिथंच मुक्या जिवाला दोरीनं बांधायचं! ही कसली करुणा?"

प्रश्न चांगला होता. मी मास्तर माणूस. उत्तर लगेच द्यायची आम्हांला सवय. पण त्या दिवशी मी गप्प बसलो. कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला आधीच मिळालेले होते, आणि ते ज्या प्रसंगाने मिळाले तो प्रसंग सांगायची मला लाज वाटत होती. आज तो तुम्हांला सांगतो.

आमच्या जिंतूरजवळ, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, नेमगिरीचा डोंगर आहे. तिथे जैनांची प्राचीन गुंफामंदिरे आहेत. दूरदूरचे यात्रेकरू दर्शनाला येतात. आम्हां गावकऱ्यांना तो डोंगर फिरायलाही जवळचा. आजूबाजूला मुरमाड माळ, मधूनमधून पळस, सीताफळी, बोरीबाभळी. एका उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या लागायच्या आधी, शेजारच्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना सकाळी तिकडे न्यायचे ठरवले. मलाही म्हणाले, "चला सर, मुलांना जरा लेण्यांची माहिती सांगा." मी निघालो. माझ्याबरोबर आमचा मोत्याही निघाला.

मोत्या म्हणजे काही विलायती कुत्रा नव्हे. साधा गावठी, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. तो पिल्लू असताना माझ्या मुलीने त्याला उकिरड्यावरून उचलून आणले. मुलांना तर आनंदच झाला. निघताना मंडळींनी दोरी हातात दिली आणि बजावले, "बांधून न्या हो त्याला." मी दोरी खिशात घातली. म्हटले, बिचारा एरवी दिवसभर अंगणात असतो, आज जरा मोकळा बागडू दे. करुणाच होती ती, माझ्या हिशेबाने.

डोंगराच्या पायथ्याशी माळावर आलो. इतक्यात एक टिटवी ओरडत उठली. टिटवी आपण सगळेच ओळखतो. ती झाडावर घरटे करीत नाही. उघड्या माळावर, चार खड्यांच्या मध्ये अंडी घालते. अंडी खड्यांसारखी, पिल्लेही मातीच्या रंगाची. संकट आले की पिल्लू पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित बसते. माणसाच्या नजरेला ते दिसत नाही. पण कुत्र्याला नजरेची गरज काय? त्याला नाक आहे. मी "मोत्या, मोत्या" म्हणेपर्यंत तो माळात घुसला होता. नर-मादी दोघेही त्याच्या डोक्यावरून झेपा घेत होती, ओरडून आकाश डोक्यावर घेत होती. मोत्या परत आला तेव्हा त्याच्या तोंडात कापसाच्या बोळ्याएवढे पिल्लू होते. त्याने ते माझ्या पायाशी आणून ठेवले, आणि शेपूट हलवीत माझ्याकडे पाहत उभा राहिला. शाबासकी पाहिजे होती त्याला!

मुले गोळा झाली. दोघांनी टाळ्या पिटल्या. एक लहानगा मात्र रडायला लागला. मला काय करावे कळेना, आणि काय करावे कळले नाही की माणसाला राग येतो. मी काठी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, कुत्र्याला कामून मारता?"

एक म्हातारा मेंढपाळ होता. त्याची मेंढरे पलीकडच्या उतारावर चरत होती. तो जवळ आला, पिल्लाकडे पाहिले आणि म्हणाला, "कुत्रं जातीवर गेलं. त्याचं काय चुकलं? तुमी कुठं व्हता?"

मी म्हटले, "बाबा, मी इथंच होतो."

"मग दोरी कुठं व्हती?"

दोरी माझ्या खिशात होती.

मग त्याने आपला कुत्रा दाखवला. त्याच्या गळ्यात लाकडाचे लोढणे होते. चालायला अडचण नाही, पण पळू गेले की ते पुढच्या पायांत येते. म्हातारा म्हणाला, "दिवसा हे गळ्यात ऱ्हातं. रातच्याला काढून घेतो, मग लांडग्याची राखण त्याच्याकडं. ज्या वक्ताला जे काम." एवढे बोलून तो आपल्या मेंढरांकडे गेला. मी मुलांना लेण्यांची माहिती सांगायला आलो होतो. पण त्या दिवशीचा धडा त्या बाबाने आम्हा सर्वांना दिला, आणि त्यात पहिला विद्यार्थी मीच होतो.

घरी आल्यावर मन स्वस्थ बसू देईना. पुस्तके चाळू लागलो, आणि ठाऊक असलेल्याच गोष्टी नव्याने दिसू लागल्या.

पहिली गोष्ट वर्षावासाची. भगवान बुद्धांचे भिक्षू आरंभी बारा महिने गावोगाव हिंडत असत. पावसाळ्यातही त्यांची चारिका चालूच असे. तेव्हा लोक कुरकुर करू लागले. विनयपिटकात ही हकीकत आहे. लोक म्हणू लागले की, हे श्रमण पावसाळ्यात हिरवे गवत तुडवीत जातात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी करून राहतात, मग यांनाच काय झाले? ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे असा नियम घालून दिला. तोच वर्षावास. अगदी निकडीचे काम निघाले तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची सवलत, पण परत यायचे ते त्याच जागी. जैन मुनींचा चातुर्मास आपल्या नेमगिरीमुळे आपणांला परिचयाचाच आहे. त्यामागचा विचारही हाच आहे.

आज आपल्या मराठवाड्यात गावोगावच्या बुद्धविहारांत आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास पाळला जातो. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. वाचनाला बसलेल्या आयाबायांना आणि मुलांना एवढे जरूर सांगावे की, वर्षावासाच्या मुळाशी पायांखालचे गवत आणि त्यातले किडेमुंगी आहेत.

आता बघा, सर्व जीवांवर मैत्री करा असे सांगणाऱ्या भिक्षूंनी गवतासाठी आधी स्वतःलाच दोरी बांधून घेतली! आपली लेणी तरी काय आहेत? पावसाळ्यात एका जागी राहायला भिक्षूंना निवारा लागू लागला, त्यातून विहार झाले. पितळखोरा घ्या, अजिंठा घ्या, मुंबईजवळचे कान्हेरी घ्या. सगळी डोंगरात, रानात, पाण्याच्या आसपास. कान्हेरीला तर शंभराहून अधिक लेणी आहेत. रानाच्या इतक्या जवळ राहायचे असेल तर रानाची मर्यादा पाळली पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट जातकातली. तिचे नावच 'कुक्कुर जातक'. कुक्कुर म्हणजे कुत्रा. एका राजाचा रथ रात्री अंगणात उघड्यावर राहिला. पावसाने त्याचे चामड्याचे पट्टे भिजले, आणि कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. सेवकांनी सांगितले, "महाराज, बाहेरच्या कुत्र्यांनी गटाराच्या वाटेने आत येऊन चामडे खाल्ले." राजाने हुकूम सोडला, दिसेल तो कुत्रा मारा. राजवाड्यातली जातिवंत कुत्री तेवढी वगळा. गावची कुत्री भिऊन स्मशानात राहणाऱ्या आपल्या म्होरक्याकडे गेली. तो म्होरक्या म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध. म्होरक्या एकटा दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, "अपराध कुणाचा याची चौकशी न करता सरसकट सर्वांना मारणे, आणि आपल्या घरच्यांना वगळणे, हा न्याय नव्हे." मग त्याने ताक आणि दर्भ मागवून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी ओकारी काढली, आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले! चोर घरचेच निघाले. राजाने सर्व कुत्र्यांना अभय दिले.

ही गोष्ट मी पूर्वी अनेकदा वर्गात सांगितली होती. पण या वेळी ती मलाच लागू पडली. रानातली पाखरे कमी झाली की आपण पटकन भटक्या कुत्र्यांकडे बोट दाखवतो. माझ्या बाबतीत मात्र कुत्रा घरचा होता, आणि दोरी मालकाच्या खिशात.

तिसरी गोष्ट सम्राट अशोकाची. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली सापडला, दुसरा १९५६ साली. त्याचे स्तंभलेख उत्तरेकडे आहेत. त्यांतल्या पाचव्या लेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर, कोणते पशुपक्षी मारू नयेत याची यादीच त्याने दिली आहे. कारण नसताना रानाला आग लावू नये, ज्यात जीव आहेत असे भूसही जाळू नये, आणि एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, असे त्यात म्हटले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा हुकूम. आपल्याकडे आजही उन्हाळ्यात डोंगरांना वणवे लागतात, त्या वेळी मला हा लेख आठवतो.

आता कुणी म्हणेल, सर, आपली परंपरा तर कुत्र्याला मोकळे ठेवणारी आहे. बरोबर आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराज हिमालय चढून गेला तेव्हा त्याच्यामागे कुत्रा होता, आणि त्याला टाकून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला. संत नामदेव महाराजांचे गाव नर्सी, आपल्या शेजारचे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ती मी सोडू म्हणत नाही. उलट ती पुढे नेऊ म्हणतो. कुत्र्यात देव पाहणाऱ्याने टिटवीच्या पिल्लातही तो पाहायला नको का? एकाला तूप आणि दुसऱ्याला मरण, असे कसे चालेल?

श्रोतेहो, यात कुत्र्याच्या जिवाचाही प्रश्न आहे. बिबट्याच्या मुलखात कुत्रा ही बिबट्याची आवडती शिकार. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास आणि नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला. आणि रोग तर दोन्हीकडून येतात जातात. गुजरातेत गीरच्या जंगलात २०१८ साली वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले. त्यांतल्या काहींच्या शरीरात डिस्टेंपर नावाच्या रोगाचे विषाणू सापडले. हा रोग कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, तर कुत्र्याकडून माणसाला, गुरांना आणि लांडग्या-कोल्ह्यांनाही होतो. म्हणून अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत आपला कुत्रा नेऊ नये. कान्हेरीची लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथे कुत्र्याला घरी ठेवूनच जावे. त्यात त्याचा अपमान नाही.

मग कुत्र्याला घेऊन जायचेच नाही काय? जावे. गावाजवळचा माळ, बांध, डोंगराची रुळलेली वाट यांवर जरूर जावे. पण चार गोष्टी सांभाळाव्यात.

एक, आधी लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, आणि पुढे गुरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. आणि कुत्रा चावलाच, मग तो घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांनी काही होत नाही. सगळ्या सुया पुऱ्या कराव्यात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. शिक्षकांनी हे मुलांकडून पाठ करून घ्यावे. मुले चावा लपवतात, घरी मार बसेल म्हणून.

दोन, दोरी. पाच-सहा हात लांब, मऊ पट्ट्याला बांधलेली. दोरी मोठ्या माणसाच्या हातात, आणि ती वाटेतच धरायची, माळावर आल्यावर नव्हे. उन्हाळा आणि पावसाळ्याचा आरंभ हा टिटवी, तित्तर, लावा यांचा जमिनीवर अंडी घालण्याचा काळ. त्या दिवसांत तर दोरी मुळीच सोडू नये.

तीन, वेळ आणि पाणी. उन्हात कातळ तापतो. आपल्या पायांत वहाणा असतात, त्याच्या पायांत नसतात. सकाळी लवकर निघावे, ऊन चढायच्या आत परतावे, आणि त्याच्या वाटचे पाणी आपण न्यावे.

चार, देवस्थान, लेणी, विहार यांच्या पायरीशी कुत्र्याला सावलीत बांधून एकाने त्याच्याजवळ थांबावे, बाकीच्यांनी आत जावे, मग पाळी बदलावी. तिथे येणाऱ्यांत कुत्र्याला भिणारी मुले असतात, म्हातारी माणसे असतात. करुणेत त्यांचाही वाटा आहे.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आम्ही पुन्हा त्याच माळाने गेलो. तीच मुले, तेच गुरुजी, तोच मोत्या. फरक एवढाच की या वेळी दोरी माझ्या खिशात नव्हती, हातात होती. टिटवी पुन्हा ओरडत उठली. मोत्याने कान टवकारले, झेप घेतली, दोरीला हिसका बसला, आणि तो थांबला. नाक मात्र त्याने एकाच दिशेला लावून धरले. मागच्या वेळी रडलेला तो लहानगा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "सर, ते बघा." दहा-पंधरा पावलांवर, खड्यांच्या मध्ये, चार अंडी होती. ठिपक्याठिपक्यांची, टोके आत केलेली. आम्ही क्षणभर दुरूनच पाहिली आणि वाट बदलून पुढे निघालो. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत राहिली, पण थोड्याच वेळात तिचा आवाज थांबला. मागे वळून पाहिले तो ती अंड्यांवर जाऊन बसली होती.

त्या रात्री मी माझ्या विद्यार्थ्याला अमेरिकेत फोन लावला. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. त्या पाटीवर लिहिलेली दोरी कुत्र्यासाठी नाही रे, ती आपल्यासाठी आहे. एक टोक त्याच्या गळ्यात असतं, दुसरं आपल्या हातात. जबाबदारी हातातल्या टोकाची."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मोत्याला माझा नमस्कार सांगा."

मी सांगितला. मोत्याने शेपूट हलवले.

श्रोतेहो, येत्या रविवारी तुम्हीही जा रानात. घरच्या कुत्र्यालाही न्या. निघताना घरातून कुणी दोरी हातात दिली, तर ती माझ्यासारखी खिशात घालू नका.